इरावतीच्या अ‍ॅम्पचा जॅक

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५

मिळाला! अ‍ॅम्प माझ्या टेबलावर आहे!

सकाळी इरावती फोनवर कोणाला तरी सांगत होती – अ‍ॅम्पमध्ये, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या खोक्यात, वायर खोचली की खर्रर्र, जरा हलली की आवाज गुल. रविवारी खंडाळ्याच्या हॉटेलात कार्यक्रम, आणि पुण्यात दुरुस्तीला टाकला तर दहा दिवस. मी पेपरच्या आडून म्हणालो, "मला दाखव."

तिने फोन खाली ठेवला. तिची आई इंदिरा तव्यावरची पोळी उलटायची थांबली. तीन वर्षांपूर्वी लेकीने इंजिनिअरिंग सोडून गिटार धरली, तेव्हा मी म्हणालो होतो – "लोक जेवणार आणि तू कोपऱ्यात तारा खाजवणार!" ते या घरात कोणी विसरलेलं नाही. त्यानंतर तिने मला एकाही कार्यक्रमाला बोलावलं नाही आणि मीही आपणहून गेलो नाही. दोघंही एकाच मातीचे.

"बाबा, हा काही तुमचा रेल्वेचा सिग्नल नाही."

तेहतीस वर्षं घाटातले सिग्नल सांभाळले. वायर खोचायच्या एका भोकाला भिणार होय मी!

मग एकदम सुचलं – मेमो! आमच्यात सिग्नलला हात लावायच्या आधी स्टेशन मास्तरला लेखी द्यावं लागतं: अमुक वाजल्यापासून हा सिग्नल बंद, कारण दुरुस्ती. त्यांची सही झाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हरही बाहेर काढायचा नाही. वहीचं पान फाडलं आणि लिहिलं – "स्टेशन मास्तर कु. इरावती यांस. अ‍ॅम्प नग एक, १०.४० पासून सेवेतून बाहेर."

तिने दोनदा वाचलं. आणि हसली! सही ठोकली – "मंजूर. लवकर चालू करा."

निवृत्त होऊन पाच महिने झाले. इतका चांगला दिवस एकही गेला नव्हता.

बुधवार, ५ नोव्हेंबर

उघडला. आठ स्क्रू. आत जॅक म्हणजे काय, तर प्लास्टिकच्या डबीत तीन पितळी पत्त्या – एवढंच! सोल्डर तडकलेलं, केसाएवढी चीर. वायर हलली की सांधा सुटणारच. पत्त्या आपल्या लोणावळ्याच्या दमट हवेने काळ्याठिक्कर. घासल्या, सोल्डर केलं. हात अजून थरथरत नाहीत, इथे नोंद करून ठेवतो.

आणि मग मीटर लावला तर काय! वायर बाहेर काढलेली असताना आवाजाची तार सरळ अर्थिंगला टेकलेली! तिसरी पत्ती तिला चिकटून बसली होती. अहो, हा तर माझा जुना वैरी. नको तिथे अर्थिंगला टेकलेली तार शोधत मी घाटात उभं आयुष्य काढलं. चिमट्याने पत्ती लांब वाकवून टाकली. धरला चोर!

इंदिरेच्या हातात गिटार दिली आणि तार छेड म्हणालो. टणण्! तीच दचकली. खरखर शून्य! "पुरे झालं, आज त्रिपुरी पौर्णिमा आहे, मला वाती वळायच्यात," म्हणाली. मी आणखी चार वेळा छेडायला लावली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

फजिती.

इरावतीने अ‍ॅम्प लावला, वाजवला, खूश झाली. मग वायर उपसली आणि – भूंऽऽऽ! खिडकीच्या काचा थरथरल्या. "बाबा, दोन गाण्यांच्या मध्ये मी गिटार बदलते. दर वेळी हॉटेलभर हे असं भुंकणार का? आधी नुसती खरखर तरी होती!" खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी कोंडाजी आला, कुसगावहून, नवा तांदूळ घेऊन. माझ्या हाताखालचा जुना खलाशी, म्हणजे रेल्वेतला मदतनीस. वीस वर्षं एका टॉर्चवर आम्ही दोघांनी घाट तुडवला. चहा होईपर्यंत सगळी हकिगत सांगितली. अ‍ॅम्प हा प्राणी त्याने जन्मात पाहिलेला नाही. बशी खाली ठेवून म्हणाला,

"साहेब, काय ठरवलं नसंल तवा सिगनल कसा असतो?"

"लाल."

"मंग हितं वायर न्हाई तवा आवाज गप ठिवाया कायतरी लागंल का न्हाई? तुमी त्यो लालच काढून टाकला जनू."

गाढव! मी! ती पत्ती बिघाड नव्हतीच, ती राखण होती! वायर बाहेर असली की ती आवाज अर्थिंगला दाबून धरते, वायर आत गेली की आपोआप बाजूला होते. किती सुंदर! आमच्याच रीतीचं! आणि मी सिग्नलवाला तिलाच चोर समजून हाकलून बसलो. कोंडाजी म्हणतो, "आमी लय दिस तुमच्या मागं हिंडलो, थोडं आमालाबी आलं."

पत्ती पुन्हा जागेवर वाकवायला गेलो तर टक्कन तुटली. तुटू दे! आता नवा जॅक. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सकाळच्या गाडीने पुणे, तपकीर गल्ली. सुट्या भागांच्या दुकानदाराने जॅकचे सहा प्रकार दाखवले, सहावा जुळला. दोन घेतले. एक राखीव – खोड जात नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

बसला! वायर बाहेर – चिडीचूप. वायर आत – खणखणीत! पन्नास वेळा खोचून उपसून पाहिली, मोजून पन्नास. इंदिरा म्हणाली, नवाही मोडाल आता.

दुसरा मेमो दिला – "अ‍ॅम्प १२.१० वाजता सेवेत रुजू." इरावतीने स्वतः पाच-सहा वेळा वायर काढली, घातली. "भारी, बाबा!" दारापर्यंत गेली आणि वळली. "उद्या याल? पण अ‍ॅम्प बघायला नाही हं. मला ऐकायला."

येणार म्हणजे काय! बोलावलं! तिने मला बोलावलं! शर्टाला स्वतः इस्त्री केली. बाहीला चुणी राहिली, राहू दे. तीन वर्षांत ऐकलं नाही ते सगळं उद्या पुढच्या टेबलावर बसून ऐकणार आहे. कधी एकदा उद्याचे पाच वाजतात असं झालंय.

रविवार, ९ नोव्हेंबर

कार्यक्रम झाला. मी आणि इंदिरा पुढच्या टेबलावर. माझे डोळे सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्या जॅकवर. तिने गिटार बदलायला वायर काढली, मी श्वास रोखला – शांत. दुसऱ्यांदा काढली – शांत! टाळ्या सगळ्यांत जोरात माझ्या.

परत येताना गाडीत तिने विचारलं, "बाबा, कसं वाटलं?"

"जरासुद्धा खरखर नव्हती," मी म्हणालो.

ती खिडकीबाहेर बघत बसली. शेवटचं गाणं तिचं स्वतःचं होतं, तसं तिने आधी माइकवरून सांगितलंही होतं म्हणे. मला घरी आल्यावर इंदिरेने सांगितलं.