जिताड्याची परीक्षा

१२ जानेवारी १९८४

साहेबांनी परदेशातून आणलेली कॉफी आज ऑफिसात सगळ्यांना पाजली. कडू जहर! तरी सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. चांगली म्हणून महाग, की महाग म्हणून चांगली? वाशीहून कोपरखैरण्याला येईपर्यंत बसमध्ये हाच किडा डोक्यात.

१५ जानेवारी

माझा साखरपुडा ठरला — पाच फेब्रुवारी. मुलगा दिलीप, तुर्भ्याचा. बाबांनी जाहीर केलं, पाहुण्यांना मासा वाढायचा तो जिताडाच.

पूर्वी शेतातल्या तळ्यात बाबा जिताडे पाळायचे. आता शेत गेलं, तळं बुजलं, तिथे बिल्डिंगा उभ्या. बाजारात जिताडा म्हणजे सोन्याचा भाव. आई म्हणते, स्वस्तातला बोईट मासा आणू, तेवढ्यात अख्खी आळी जेवेल. बाबा ऐकतील तर शपथ! लोण्यासारखा असतो, रस्सा गोड लागतो — जेवण संपेपर्यंत हेच. मला चाखल्याचं आठवत नाही. लहान असेन तेव्हा.

१९ जानेवारी

मासळीवाल्या बायजाबाईला विचारलं, जिताडा खरंच एवढ्या भावाचा असतो का? म्हणाली, "खानाऱ्याला इचार." तू खातेस का? तर हसली. तिच्या घरी आज बोंबील होते.

२२ जानेवारी, रविवार

परीक्षा घेतली! पगारातून जिताड्याचे चार तुकडे आणले, चार बोइटाचे. मसाला एक, आंबट एक, पातेली दोन. बाबांना डोळे मिटायला लावले. दोन्ही चाखून बाबा छातीठोकपणे म्हणाले, "ह्यो जिताडा."

बोईट होता!

आई हसून हसून बेजार. मीही हसले. बाबा हात धुऊन उठले, ताटात अर्धा भात तसाच. बोईट आणायचं ठरलं. मी जिंकले, पण आनंद काही होईना.

२३ जानेवारी

बाबा बोलत नाहीत.

२५ जानेवारी

संध्याकाळी बाबा ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी जवळ जाऊन बसले, माफी मागितली. त्यांनी जाळ्याला आणखी दोन गाठी मारल्या. मग खाली बघतच म्हणाले, "मना कशी वलखाय येल? मी कदी खाल्लाच नाय."

दरवर्षी सगळ्यात मोठा जिताडा जमिनीच्या कचेरीतल्या साहेबाच्या बंगल्यावर पोचवायचा — जमिनीच्या कामात खोट निघू नये म्हणून. उरलेले विकायचे. लोण्यासारखा, गोड — हे सगळं त्या साहेबाने ढेकर देत सांगितलेलं. बाबा दारात उभे राहून ऐकायचे आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे. इतकी वर्षं!

मग मी विचारलं, आता तरी पाहुण्यांसाठी कशाला हट्ट? तर म्हणाले, "मोठी मानसं आली का जिताडा वारायचा. आपले हाताला तीच सवय." मला रडू आलं. आणि रागही — कोणावर, ते कळेना.

४ फेब्रुवारी

जिताडा आणला. एकच, चांगला मोठा. बोईटही आणले. उद्या पाहुण्यांना बोईट, जिताडा आमच्या माणसांना. आईला बजावलंय, पातेल्यांची अदलाबदल झाली तर याद राख. पहिला तुकडा बाबांच्या ताटात.

दिलीप? तो अजून पाहुणाच.