पंधरा सेकंदांचा पहारा

३ मार्च, सोमवार
शिंचू शहराचा वारा बोचरा म्हणतात, पण आज तोही गोड वाटला. नोकरीचा पहिला दिवस. पंपांचे कंट्रोलर बनवणारी ही कंपनी एवढीशी, माझ्यासकट सहा माणसं. खरेदी बघणाऱ्या च्यू मावशींनी आल्या आल्या पेरूची फोड हातावर ठेवली आणि विचारलं, की पोरी, जेवलीस का, इतकी वाळकी कशी तू. पेंगदादा माझे गुरू. त्यांनी पत्त्याच्या पानाएवढा एक बोर्ड दिला. अख्खा कॉम्प्युटर त्या एका बोर्डावर. महिनाभरात त्याच्यासाठी स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर गावी, मियाओलीला परत, बाबांच्या स्ट्रॉबेऱ्या तोडायला. जे घडेल ते घडेल तेव्हा वहीत लिहायचं, हा दादांचा नियम.

दुपारी साडेबाराला दिवे बंद. सगळे टेबलावर डोकं ठेवून तासभर झोपतात. दीडला दिवे लावायचं काम नव्या माणसाचं.

६ मार्च
तीन दिवस पडदा कोरा. डोकं उठलंय. दादांनी येऊन दोन वायरी पाहिल्या आणि म्हणाले, बोलणाऱ्याचं तोंड बोलणाऱ्याच्याच तोंडाला लावलंस, बाई, ऐकणार कोण? वायरींची अदलाबदल केली. पडद्यावर अक्षरं आली, तीही गिचमिड. मावशी म्हणाल्या, माझ्या नवऱ्याचं अक्षर असंच होतं.

११ मार्च
अक्षरं सुधारली, नशीब नाही. बोर्डात एक पहारेकरी असतो. प्रोग्रॅमने दर पंधरा सेकंदांच्या आत त्याला हात लावून ‘मी जागा आहे’ असं कळवायचं. कळवलं नाही, की तो समजतो प्रोग्रॅम मेला, आणि बोर्ड पहिल्यापासून सुरू करतो. माझा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी अडकतो. पहारेकरी उठतो, आणि ये रे माझ्या मागल्या. नाकी नऊ आलेत.

१३ मार्च
एकाच वेळी पाच कामं आळीपाळीने चालवायचा धडा. वैतागून कामांना ऑफिसातल्या पाच जणांची नावं दिली. ज्याची पाळी येते त्याचं नाव पडद्यावर उमटतं, मग ते काम झोपतं. दुपारच्या अंधारात पांढरी अक्षरं डोळ्यांत खुपतात म्हणून लाल केली. दादांनी पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. जिवंत माणसाचं नाव लाल अक्षरांत लिहितात का, ते मरणाचं लक्षण, घरी काही शिकवलं नाही का, बदल आधी. मी म्हटलं, ही शाई थोडीच आहे. बदलते असं म्हटलं खरं, पण राहून गेलं.

१७ मार्च
झोपेच्या तासात प्रोग्रॅम मावशींच्या नावावर अडकला. पहारेकऱ्याने बोर्ड पुन्हा सुरू केला. दीडला दिवे लावले. मावशींनी डोकं वर केलं, माझ्याकडे पाहून हसल्या आणि विचारलं, की पोरी, जेवलीस का, नवीन आलीस वाटतं? सगळे हसले. मीही हसले.

१९ मार्च
पुन्हा त्याच नावावर अडकला. एका तासात चारदा.

मावशी उठल्या त्या रडतच. बारक्या आवाजात, लहानपणच्या हाक्का बोलीत बोलत होत्या. आई विहिरीवरून अजून आली नाही म्हणे. त्यांचा मुलगा येऊन घरी घेऊन गेला. जाताना त्यांनी त्याला काका म्हटलं.

दादांना सगळं सांगितलं. पहिल्यापासून सुरू म्हणजे माणूसही पहिल्यापासून. ते म्हणाले, डॉक्टर बघतील त्यांना, तू दोन दिवस रजा घे, झोप काढ. माझा संताप झाला.

२० मार्च
रजा घेतली नाही. एक पळवाट केली: प्रोग्रॅम अडकलाच, तर मी कळ दाबली की पहारेकरी पंधरा सेकंद गप्प बसेल. मग बोर्ड चालू असतानाच मावशींचं नाव यादीतून पुसलं. बारा चाळीसला. आता त्या सुटतील.

२१ मार्च
मावशी गेल्या. काल दुपारी, घरीच, झोपेत. मुलगा म्हणाला पाऊण वाजायच्या आत.

मी पुसलं.

चार नावं उरलीत. आता पुसायचं नाही. बोर्ड बंद करायचा नाही. चालतोय तोवर चालू दे. रंगालाही हात लावायचं धाडस नाही, त्यासाठी बंद करावा लागेल. रविवारी दादांच्या मुलीचं लग्न आहे.

२४ मार्च, दुपारी १२:५०
अडकला. चारही लाल नावं पडद्यावर, हलत नाहीत.

कळ दाबली की टेबलांवर झोपलेल्यांच्या चार पाठी श्वासाने एकदा वर होतात. खाली येतात. मग काही नाही. पुन्हा दाबेपर्यंत काही नाही.

डावा हात कळेवर, उजव्याने लिहितेय. लिहिलं नाही तर किंचाळेन.

१२:५८
किंचाळून झालं. कुणी उठत नाही. फोन पलीकडे बॅगेत, पोचेन पण परत येईपर्यंत — नाही.

चूक सापडली. एकच ओळ. बदलायची तर बोर्ड बंद करावा लागेल. बंद केला तर मावशींसारखं. कळ सोडली तर सगळे पहिल्यापासून — दादांना मुलगी आठवणार नाही. लग्न काल झालं. फोटो दाखवत होते सकाळी.

१:०६
दाबली. दादांची पाठ हलली. बोटं बधिर.

१:११
दार उघडलं. मावशींचा मुलगा. देवा, माणूस आला. चोरपावलांनी येतोय, झोपलेल्यांची झोप मोडू नये म्हणून.

ओरडले, इकडे ये, दाब ही कळ. त्याने ओठांवर बोट ठेवलं. म्हणाला हळू, झोपलेत सगळे. फक्त आईचा डबे गरम करायचा विजेचा कुकर न्यायला आलोय, दोन मिनिटं.

कुकर माझ्या टेबलाखाली. त्याची वायर आणि बोर्डाची वायर एकाच सॉकेटपट्टीत, शेजारीशेजारी —

नको म्हटलं. हसून मान हलवतोय. वाकलाय. मी कळ सोडू शकत नाही, पायाने ढकलतेय त्याला — विचारतोय दोन्ही पांढऱ्या, यातली कुठली, ही का