फुटक्या गिटारीखालची पाटी

पाइन फोर्क, केंटकी
९ ऑक्टोबर १९८८

डेल्मर यास,

इकडे सगळं ठीक. तू कसा आहेस हे विचारत नाही. टीव्हीवर दिसतोस, अंग धरलंयस.

मी सांभाळते त्या तुझ्या नावाच्या संग्रहालयात तुझी फुटकी गिटार अजून काचेत आहे. तिच्याखालची 'दारुड्या बापाने फोडलेली' ही पाटी मात्र मी काढली. कुणी काढली म्हणून मॅनेजरकरवी चौकशा करू नकोस. मीच काढली, आणि चुलीत घातली.

परवा ओहायोहून आलेल्या एका बाईने ती वाचली आणि सरळ तिकीट-खिडकीशी गेली. तिथे बाबा बसतात, हे तुला माहीत आहे; आतल्या फोटोवरून तिने त्यांना ओळखलं. "लेकराची गिटार फोडलीत, शरम नाही वाटत?" म्हणाली.

बाबा म्हणाले, "वाटते, बाई. आत जा, पोराची गाणी चांगली आहेत."

मी शेजारी रेकॉर्ड लावत होते. हातातली खाली ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले.

आता तुझं फर्मान आलंय. शनिवारी संग्रहालयाच्या हॉलमधल्या कार्यक्रमात कॅमेऱ्यांसमोर बाबांनी स्टेजवर यायचं, माफी मागायची, तू त्यांना मिठी मारायची आणि मग आईवरचं ते गाणं म्हणायचं. बाबा तयार आहेत. पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय. काल जेवताना मला विचारलं, "आर्डिथ, कुठली दारू प्यायचो म्हणून सांगू? पोरगं खोटं पडायला नको."

कळलं का काही? या माणसाने जन्मात दारूला तोंड लावलेलं नाही. खाणीतून यायचे ते कोळशाने काळे आणि थकून. झोकांड्या जायच्या, त्या झोपेच्या.

तू शाळेतून आलास तेव्हा गिटारीचा दांडा त्यांच्या हातात होता, एवढंच तू पाहिलंस. मी आधीपासून घरात होते. आई ती चुलीच्या कडेवर आपटत होती. बाबांनी दांडा तिच्या हातातून ओढून घेतला, तेवढ्यात दार उघडून तू आत आलास. तू त्यांना नाही नाही ते बोललास. ते खाली बसून तुकडे गोळा करत राहिले. नंतर मला परसात नेऊन गप्प राहायची शपथ घातली, म्हणाले, "त्याला आई राहू दे. माझ्यावर रागावला तरी जगेल तो."

आई न्यूमोनियाने गेली, असं तुला सांगितलं. तेही बाबांनीच ठरवलं. दारूने गेली ती.

ती मलाही प्यारी होती. सकाळी शुद्धीत असली की आपल्या दोघांना बँजोवर नाचवायची, ते खरंच होतं. त्या सकाळींवर गाणं म्हण, खुशाल म्हण. पण बापाचं नाव त्यात ओढलंस, तर याच हॉलमध्ये, तुझ्याच माणसांसमोर उभी राहून मी सगळं सांगेन. बाबांनी घातलेली शपथ आज मोडलीच आहे. दुसऱ्यांदा मोडायला काय लागतं?

टीव्हीवाल्यांना कळवून टाकलंय, शनिवारी हॉल बंद आहे. कॅमेरे घेऊन आलास तर दारात मी उभी असेन, आणि मला बाजूला सारायला तुला चारचौघांत हात उचलावा लागेल.

एकटा आलास तर बाबा खिडकीत असतात. शेजारी एक खुर्ची आहे. माफी मागू नकोस, त्यांना कळेल की मी सांगितलं. नुसता बस. कुणी त्यांना काही बोललं, तर या वेळी उत्तर तू दे.

नाइलाजाने का होईना, तुझी थोरली बहीण,
आर्डिथ