उंबऱ्यातला खिळा

१९ जुलै १९५८

खिळा ठोकला! आईने, वरवंट्याने, माझ्या डोळ्यांदेखत, उंबऱ्याच्या बरोबर मध्यावर. स्मशानातून परतताना माणसं वाटेवर मोहरी टाकत आली — मागून येणारी वेचत बसावी, तिला घर गाठता येऊ नये म्हणून. मागून येणारी म्हणजे आमची शेवंती. माझी धाकटी बहीण. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. खाडीला उधाण, होडी सुटली नाही, डॉक्टर पलीकडेच राहिला. मुलगी जगली, ती गेली.

आता तिला आळवंत म्हणायचं. बाळंतपणात मेली की आळवंत, आणि आळवंत आपल्या पोराला न्यायला परत येते. सगळं गाव म्हणतंय. मी नाही म्हणणार.

२१ जुलै

शेवंती. शेवंती. शेवंती.

२३ जुलै

आई तिचं नाव घेत नाही, मलाही घेऊ देत नाही. "नाव घेतलंस की येता ती." जेवताना मुद्दाम घेतलं. आई पानावरून उठली. वाईट वाटलं. तरी परत घेईन.

शाळेतल्या कोशात शब्द काढून पाहिला — बाळंतपणात मेलेल्या स्त्रीचे पिशाच. एका ओळीत आटपलं. शेवंती आंब्याची साठं चोरून खायची, वर "मी नाय" म्हणायची, आणि तेव्हा तिची नाकपुडी उडायची. ते कुठल्या कोशात बघू?

२६ जुलै

पोर शेळीचं दूध ओकते. रडायचीही ताकद उरली नाही. शेजारच्या तुळसाचा मुलगा अंगावर पितो, म्हणून तिच्याकडे गेले.

"आळवंतीचा चेडू पदराखाली घेव? माझो झील माका जड झालो नाय."

मी ऐकून घेतलं नाही. म्हटलं, तुझ्या बाळंतपणात रोज पेज घेऊन कोण यायचं गो? आळवंत की शेवंती? तिने दार लावून घेतलं. लावू दे. उद्या परत जाणार.

२७ जुलै

जावं लागलं नाही. तुळसाच आली. मागीलदारी बसली, मांडीशी कोयती ठेवली — आळवंत लोखंडाला भिते म्हणे — आणि पोरीला पाजलं. कोयती तर कोयती. पोर पोटभर प्यायली!

३० जुलै

पक्कड घेऊन उंबऱ्याशी गेले. आई येऊन खिळ्यावरच बसली. "हात लावलंस तर माझा मेलेला तोंड बघशीत."

म्हटलं, तुझीच लेक ना ती? तिला भितेस?

"लेकीक नाय भियत मी. पोराक घेवन जायत ती. मगे माका काय रवात?"

मग ती रडली. मीही. पक्कड ठेवून दिली, पण पुन्हा काढायला येणार, हे सांगूनच.

१ ऑगस्ट

खिळा नाही. मी काढलेला नाही. भोक शेणाने सारवलंय, पाळणा ओढून उंबऱ्याजवळ आणलाय. आई झोका देत पोरीला म्हणत होती, "नाक शेवंतेचा घेतलंस गो."