थोरलीचं प्रोफाइल

सोमवार, ५ मे
आज राहात्याला सासरी नांदायला आले. सोबत आलेलं सामान: देवाचा पाट अडीचशे, समई माहेरची, मढीच्या देवाचा अंगारा, आणि यांनी माझ्यासाठी घेतलेला जुना कॉम्प्युटर, नऊ हजार. पुढच्या खोलीत यांचं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. सासूबाई हसून म्हणाल्या, सून दहावी पास मिळाली, आता पगारी पोरगी ठेवायला नको. केंद्रातला आधीचा आणि हा, दोन्ही कॉम्प्युटर सगळ्यांचे. ब्राउझर उघडला की नावांचे गोल दिसतात, ज्यानं त्यानं आपलं प्रोफाइल उघडायचं. एका गोलात 'राजेश्वरी' वाचून मी हरखलेच.

गुरुवार, ८ मे
शेजारच्या गोलात 'सुकन्या'. यांची पहिली बायको, परसाल वारली. तिच्या नावाचा चांदीचा टाक मी गळ्यात घालते, नवं लुगडंही आधी त्याला लावते. रीतच आहे, तक्रार नाही. पण ब्राउझरला जोडायची एक्स्टेन्शनं, मराठी टायपिंगचं, फॉर्म आपोआप भरायचं, तीसुद्धा हे आधी तिच्या प्रोफाइलला जोडतात, मग माझ्या! सासूबाई म्हणतात, आधी थोरलीला, मग धाकलीला, न्हाईतर ती रुसती. मेलेलीला टायपिंग कशाला लागतं? दिवसभर जीव जळला.

मंगळवार, १३ मे
हे श्रीरामपूरला गेलेत. तिचं प्रोफाइल पुसून टाकलं. फॉर्म भरायचं नवं एक्स्टेन्शन थेट माझ्याला जोडलं. देवापुढे साखर ठेवली. आता मी एकटीच.

बुधवार, १४ मे
फॉर्मात 'राजेश्वरी' लिहिलं, 'सुकन्या' उमटलं. एक्स्टेन्शन काढलं. पुन्हा आलं. माझ्या गोलावरही तिचंच नाव. यांना दाखवलं तर म्हणाले, बरोबर तर आहे, तुझंच प्रोफाइल ना ते?

शुक्रवार, १६ मे
सासूबाई 'सुकन्या' म्हणून हाक मारतात. शेजारीणसुद्धा. यांनी गजरा आणला — मला कधी आणला नव्हता. तिला आणला. माझ्या केसांत माळला. इतक्या मायेनं — माझ्याकडे असं कधी बघितलं नाही यांनी.

शनिवार
मोबाईलवर लिहिलं तरी तिचंच नाव. म्हणून आता वहीत, हातानं —
अंगारा लावला. आरशात कपाळावर दिसत नाही.
मी हाक ऐकून 'ओ' दिली. मीच दिली —

रविवार
मच्छिंद्रदादा, हे पान फाडून माहेरी तिसगावला टपालानं टाकते. तू मला लहानपणापासून काय हाक मारतोस, उलट टपाली कळव. फोन नको, इथं तीच उचलेल. पाकिटावर माझंच नाव घाल दादा, दुसऱ्या कुणाचं नको. माझं नाव सु—