अंजीर, ओटा आणि हरवलेलं चेंबर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. रिटायर झाला की माणूस गंजतो म्हणतात. आपण त्यातले नव्हे.
तेवीस तारखेला लेक येतेय, अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन. चांगला महिनाभर मुक्काम! बाळंतपणाला ही गेली होती, मी घर सांभाळलं. त्यामुळे नात अजून फक्त मोबाइलमध्ये पाहिलीय. तेवीसच्या आत घर टकाटक करायचं. संकल्प नंबर एक: कुठल्याही कामाला बाहेरचा माणूस नाही. एकतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला होतो. लोकांच्या चुका काढायचाच पगार घेतला.

५ फेब्रुवारी, बुधवार
वॉशिंग मशिनचं पाणी सुटलं की बाथरूमची जाळी गुडगुड करते. ही म्हणाली, प्लंबरला बोलवा. म्हटलं, गॅस आहे, आपल्यालाही होतोच की. हसली नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
गुडगुड बंद. म्हटलं नव्हतं? फक्त पाणी आता सावकाश जातं. आंघोळ संपेपर्यंत घोट्याला लागतं. पायांना शेक बसतो, तेही बरंच.
हिचं म्हणणं, एकाच ठिकाणी तुंबलं तर जाळी साफ करावी. बेसिन, बाथरूम, कमोड सगळंच तुंबलं तर दोष मेन लाइनचा. हे तिला शेजारच्या टीचरबाईंनी सांगितलं. टीचरबाई भूगोल शिकवायच्या. नद्यांचं त्यांनी बघावं.

११ फेब्रुवारी, मंगळवार
व्हिडिओ बघून सोडा आणि व्हिनेगर ओतलं. फेस जबरदस्त आला. पाणी गेलं नाही, पण फेस जबरदस्त.
शिवाय तळणीचं उरलेलं तेल मी नेहमी सिंकमध्येच ओततो. पाइप आतून गुळगुळीत राहतो. हिने आज ते पाहिलं. आरडाओरडा. हिला मशिनरीतलं काही कळत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
या सगळ्या कटकटीत एकच सुख: मागच्या अंगणातलं अंजीर. चार वर्षांपूर्वी लावलं. ना खत, ना पाणी, तरी हिरवंगार. त्याच्यापासून घरापर्यंत सरळ पट्ट्यात गवतसुद्धा दाट. हाताला गुण आहे, दुसरं काय! झाडाखाली मीच बांधलेला ओटा. त्यावर बसून नातीला मांडीवर घ्यायचं, सगळं ठरलंय.
टीचरबाईंना डबाभर अंजिरं दिली. मिटक्या मारत खाल्ली. म्हणाल्या, याला पाणी कुठून मिळतं हो? म्हटलं, माया लागते.

१६ फेब्रुवारी, रविवार
फ्लश केला की बाथरूमच्या जाळीतून पाणी वर येतं. वासाबद्दल लिहीत नाही.
लेकीचा फोन. ही मोबाइल घेऊन गॅलरीत गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली. मग लेक माझ्याशी बोलली. बाबा, इतक्या लहान बाळाला असल्या घरात नाही आणणार; शनिवारपर्यंत नीट झालं नाही तर तिकीट रद्द करून सासरी जाते. म्हटलं, बाबांवर विश्वास नाही? म्हणाली, ओळखते ना मी तुम्हाला.
जेवण गेलं नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
हिने प्लंबर बोलावला. मी नाही, त्यामुळे संकल्प शाबूत.
त्याने आतून सळई घातली, ती मधेच अडली. म्हणाला, बाहेरचं चेंबर उघडावं लागेल, कुठंय? म्हटलं, असेल कुठेतरी. तासभर अंगणात ठोकत फिरला. झाकण सापडलं की बोलवा, म्हणून गेला.
इथे खोटं कशाला लिहू? चेंबर कुठंय ते मला पक्कं ठाऊक आहे. ते गंजकं झाकण डोळ्यांत खुपायचं, म्हणून त्याच्यावर ओटा बांधला. पण बोललो असतो तर मेल्याने ओटा फोडला असता.

२० फेब्रुवारी, गुरुवार
स्वतःच लाइन मोकळी करायला घेतली. बागेचा पाइप जाळीत घुसवून नळ फुल्ल सोडला. पाणी हॉलपर्यंत.
हिने फरशी पुसायचं फडकं आणून माझ्या हातात दिलं. हे लक्षण वाईट.

२२ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी ही ओट्यावर जाऊन बसली. विचारलं, अहो, हा ओटा कधी बांधलात? म्हटलं, चार वर्षं झाली. आणि झाकण शेवटचं कधी पाहिलंत? मी अंजिराकडे बघत राहिलो. तिने तिथूनच प्लंबरला फोन लावला.
ओटा फोडायला चार तास. प्लंबर म्हणाला, इतकं पक्कं काम हल्ली कोणी करत नाही. हे नोंदवून ठेवतो.
खालच्या फुटक्या पाइपातून मुळं निघाली. वेणीसारखी गुंफलेली, माझ्या उंचीची, तेलाच्या पांढऱ्या थराने माखलेली. अंजिराला पाणी कुठून मिळतं ते सगळ्यांना कळलं. टीचरबाई कुंपणाशीच उभ्या होत्या. घरात गेल्या आणि माझा डबा आणून दिला. धुतलेला. दोनदा, म्हणाल्या.
पाइप बदलायला चार दिवस. तोवर नळ, फ्लश, सगळं बंद. झाडही काढायचं.
लेकीला फोन करायची हिंमत माझी झाली नाही. टीचरबाईंनी केला.

२३ फेब्रुवारी, रविवार
लेक आली. पाइप होईपर्यंत मुक्काम टीचरबाईंकडे. आमची आंघोळपांघोळही तिकडेच.
टॉवेल खांद्यावर टाकून गेलो. नात पलंगावर जागी होती, टकमक बघत. मोबाइलमध्ये दिसते त्यापेक्षा कितीतरी लहान. उचलायला हात पुढे केले. लेकीने विचारलं, बाबा, हात धुतले?
म्हटलं, कुठे धुणार?
टीचरबाईंनी बेसिन दाखवलं. म्हणाल्या, बिनधास्त धुवा, आमच्याकडे पाणी जातं.
साबण लावून कोपरापर्यंत धुतले. येईपर्यंत नात झोपली होती.
पलंगाशी स्टूल ओढून बसून राहिलो. आंघोळ राहिली.