लिस्बनला काय न्यायचं

डिचोली, मंगळवार संध्याकाळ

परवा आम्ही दोघं लेकीकडे लिस्बनला निघणार आणि सामान अजून अर्धंच भरलंय. मनालीने सांगितलं तसं घेतलं. शहर सगळं चढउताराचं, म्हणून न घसरणारे बूट. समुद्राच्या वाऱ्याला स्वेटर. तिकडे मार्चमध्येही पाऊस येतो, म्हणून छत्री. शिगम्याच्या जत्रेतलं गोड खाजंसुद्धा बांधलं.

सकाळी फोनवर ती म्हणाली, "खाजं नको, कोकमाची सोलं नकोत. एक मोठी रिकामी बॅग तेवढी आण गो आई."

"रिकामी कशाला?"

मागून जावयाचा आवाज आला, "कोणाशी बोलतेस?" लगेच ती मोठ्याने म्हणाली, "हो हो, छत्री विसरू नकोस!" आणि फोन बंद.

हे म्हणाले, पोरगी आपल्याला काहीबाही घेऊन देणार असेल. असेलही. पण मग आवाज का बदलला? रिकामी बॅग. देवाकडे दिवा लावतानाही डोक्यात तेच.

शेवटी तिकडे जावई कामावर गेला असेल असं बघून मीच फोन लावला.

"मनाली, येताना तुझं तिकीट काढू?"

तिने आवाज खाली आणला.

"दोन काढ. माझ्या पोरीचंही. आणि त्याच्यासमोर काही बोलू नकोस."

ह्यांनी लगेच तिकिटांच्या एजंटला फोन केला.

आता आठवडाभर त्याच्याच घरात राहायचं, त्याच्याच टेबलावर हसून जेवायचं. मला खोटं वागता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक आहे.